भिंतीकडे तोंड केलेला कूलर

साहेब, माझ्या पाठीवर लाल रंगाने ‘निकामी’ हा शब्द तुम्ही लिहायला लावलात. तुमचे नाव मी घेणार नाही. दवाखान्यात सगळे तुम्हाला भांडारवाले साहेब म्हणत, तेवढेच मला ठाऊक आहे. तुम्ही नाकाला रुमाल लावून आलात, व्हरांड्याच्या तोंडाशीच थांबलात आणि तिथूनच माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणालात, “हा जुना ना? मग मारा लाल.” रंगाचा डबा धरलेला माणूस भला होता. तो म्हणाला, “साहेब, एकदा प्लग लावून बघू का?” तुम्ही म्हणालात, “तुला दुसरी कामं नाहीत का?” आणि तो शब्द वाळायच्या आत तुम्ही जिना उतरून गेलातसुद्धा.

मित्रांनो, दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. मी एक जुना कूलर आहे. अंग पत्र्याचे, पोटात पाण्याची टाकी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या आणि चौथ्या बाजूला पंखा. पंप टाकीतले पाणी वर चढवतो, ते गवतातून झिरपते आणि पंखा त्या ओल्या गवतातून बाहेरची हवा ओढून आत सोडतो. एवढीच माझी विद्या. पण एवढीशी विद्याही कुणाचे तरी घर राखू शकते, हे सांगायला मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म एका बोळातल्या पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर एका कानाने बहिरा होता. पत्रा ठोकून झाला की तो त्यावर दुसरा कान टेकवायचा. कुठे खडखड ऐकू आली की पुन्हा हातोडा. “आवाज करणारी वस्तू लोक सहन करत नाहीत,” असे तो म्हणायचा. माणसांच्या बाबतीतही ते खरे आहे, हे मला फार पुढे कळले.

तिथून मी दवाखान्यात गेलो. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर एक लांब व्हरांडा होता. आत बायका कण्हत असायच्या, बाहेर त्यांची माणसे बाकांवर बसून घामाघूम व्हायची. मला त्या व्हरांड्यात उभे केले. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. कुणी सासू माझ्यासमोर पदर पसरून बसायची. कुणी नवा बाप मला टेकून झोपायचा आणि “मुलगी झाली” ऐकून उठताना माझ्यावर डोके आपटून घ्यायचा. त्या वॉर्डात एक आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. ती दुपारचा डबा माझ्याशेजारी बसून खायची आणि जाताना माझ्या पत्र्यावर दोन बोटे वाजवायची. माझी एक पट्टी सैल होऊन वाजायला लागली तेव्हा तिनेच तिला दवाखान्याचे बँडेज गुंडाळले, छान गाठ मारून, जणू माझे मनगट मोडले होते.

मग एके दिवशी माझा पंप थांबला. पाणी वर चढेना, गवत सुकले, पंखा गरम हवा फेकू लागला. लोक मला थापडा मारू लागले. आयाने वर सांगितले, पुन्हा सांगितले. कुणी आले नाही. शेवटी तुम्ही आलात, साहेब, हनुवटी घेऊन. मग मी दवाखान्याच्या धोबीघरामागे, माझ्यासारख्याच लाल शब्दवाल्या भाऊबंदांच्या रांगेत उन्हापावसात उभा राहिलो. मांजरीने माझ्या टाकीत पिल्ले घातली. तेवढाच काय तो माझ्या बाळंतपणाच्या खात्याशी उरलेला संबंध.

पुढे एका भंगारवाल्याने मला टेम्पोत टाकले. भंगाराचा टेम्पो गल्लोगल्ली ओरडत हिंडतो, तसा हिंडत होता. एका घरासमोर एक बाई मोडकी लोखंडी कॉट द्यायला उभी होती. तिची नजर माझ्या बँडेजवर गेली.

“अरे थांब थांब,” ती म्हणाली, “हा आमच्या वॉर्डाचा आहे.”

ती तीच आया होती. आता निवृत्त झाली होती. कॉट टेम्पोत गेली आणि मी घरात आलो. भंगारवाल्याने जाता जाता विचारले, “मावशी, बंद पडलेला कूलर घेऊन करणार काय?”

“तुझ्या टेम्पोत बसवून तुला थंड करते,” ती म्हणाली. “जा आता.”

त्या घरात तिला कुणी मावशी म्हणत नसे. घर तिच्या थोरल्या भावाचे. भाऊ बसचा ड्रायव्हर. त्याला ती दादा म्हणायची. दादाची बायको तिची वहिनी, आणि वहिनी तिला जुन्या पद्धतीने ‘वन्सं’ म्हणायची. मीही घरच्यासारखेच वहिनी आणि वन्सं म्हणेन.

वहिनी मोज्यांच्या कारखान्यात माल तपासायला होती. कारखान्याला कुलूप लागले. वन्संची नोकरी संपली. आयुष्यभर घड्याळाकडे बघून धावलेल्या दोन बायका घरात समोरासमोर बसल्या आणि पंधरवड्यात एकमेकींच्या भांड्यांचे आवाज मोजू लागल्या. मग कुठून तरी शिकून वहिनीने मागच्या खोलीत धिंगरी लावली. धिंगरी म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळिंबी. गव्हाचे काड गरम पाण्यातून काढायचे, निथळायचे, त्यात बियाणे मिसळून प्लॅस्टिकच्या पिशव्या भरायच्या. पिशवी आतून पांढरीशुभ्र झाली की ती कापून उघडायची आणि वाट बघायची. पिशव्या छताला दोरीने टांगल्या. त्या पाळण्यांसारख्या दिसत होत्या, आणि तिथेच घोळ झाला.

कारण वन्संना त्या खरोखरच पाळणे वाटल्या. त्यांनी जन्मभर जे केले तेच इथे केले. खिडकी लावली, काचांवर वर्तमानपत्र चिकटवले. रोज सकाळी उठून दाराखालच्या फटीत जुने लुगडे कोंबले. मला पाण्याच्या घागरीखाली स्टूल म्हणून कोपऱ्यात ठेवले आणि माझ्यावर ओले गोणपाट पांघरले. खोलीत दमट उबारा झाला. श्वास घ्यायला गेले की घोंगडीतून घेतल्यासारखे वाटे.

पहिला बहर आला. मित्रांनो, मी घागरीखालून बघत होतो. नुसत्या दांड्या. बगळ्याच्या पायासारख्या लांब, पांढऱ्या, आणि वर शर्टाच्या बटणाएवढी टोपी. बुंध्याशी कापसासारखी लव. दादाने त्या डेपोतल्या उपाहारगृहात नेल्या. तिथल्या आचाऱ्याने पिशवीत डोकावून विचारले, “ड्रायव्हरसाहेब, अळिंबी सांगितली होती. ही दोऱ्याची गुंडी कुठून आणली?”

दादाने हे घरी येऊन जसेच्या तसे सांगितले, वर एक बातमीही सांगितली. त्या आचाऱ्याला डेपोजवळ राहायला जागा हवी होती. “उन्हाळा संपला की तो मागची खोली बघायला येतोय,” दादा म्हणाला. “तोवर तुमच्या छत्र्या उघडल्या तर खोली तुमची. नाही उघडल्या तर त्याची. मी काही वाईट बोलत नाही.”

“नाही हो, तुम्ही कुठे वाईट बोलता,” वहिनी म्हणाली. “तुम्ही फक्त हॉर्न वाजवता.”

ती हसली, पण पुढे किती तरी वेळ तिच्या हातातले फडके एकाच जागी फिरत होते. त्या खोलीखेरीज तिच्याकडे आता स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. कारखान्यात तिची निदान एक खुर्ची होती.

आणि आता मी जे सांगणार आहे, त्यासाठी त्या बाईला माझा नमस्कार आहे. दुसऱ्या कुणी पिशव्या उकिरड्यावर फेकल्या असत्या. वहिनी जमिनीवर पालथी झोपली. गाल फरशीला लावून ती प्रत्येक पिशवीकडे खालून बघत राहिली. वन्सं दारात येऊन म्हणाल्या, “काय हरवलं?”

“वन्सं, एका मोज्यात टाका सुटला तर तो मोज्याचा दोष. सगळ्या मोज्यांत सुटला तर मशीनचा. बियाणं वाईट नाही. खोलीचं काही तरी चुकतंय.”

“खोलीला काय झालं? मी रोज बंद करते.”

“इकडे या. झोपा इथं.”

“मी नाही झोपत. गुडघे ऐकत नाहीत माझे.”

“मग वाका. ह्या सगळ्यांच्या माना कुठं वळल्यात बघा.”

वन्सं वाकल्या. मीही बघितले. खरेच, साऱ्या दांड्या एकाच दिशेला, दाराकडे कलल्या होत्या. आणि दाराशी सगळ्यात खाली टांगलेल्या पिशवीला, जिथे लुगडे नीट बसत नसे त्या टोकाशी, एकच धिंगरी तळहाताएवढी रुंद उघडली होती. वर्गातली सगळी पोरे खिडकीबाहेर बघत असतात ना, तशी ती खोली त्या फटीकडे बघत होती.

“ह्यांना हवा हवीय,” वहिनी म्हणाली. “आपण ह्यांना कोंडून मारतोय.”

वन्सं चिडल्या. “बाळंतिणीच्या खोलीत कधी वारं सोडतात का?”

“ही बाळंतीण नाही, वन्सं. ही अळिंबी आहे.”

“जिवंत आहे ना? मग झालं.”

पुढचे काही दिवस त्या घरात फटीवरून जे युद्ध झाले ते काय सांगू. वहिनी लुगडे काढायची, वन्सं परत कोंबायच्या. दोघी त्याबद्दल अवाक्षर बोलायच्या नाहीत. जेवताना मात्र एकमेकींना आग्रह करून वाढायच्या. शेवटी वहिनीने वर्तमानपत्रे फाडून खिडकी सताड उघडली.

आणि वन्संचेही खरे ठरले. बाहेर भर उन्हाळा. कोरडा, भाजका वारा आत शिरला. नव्या पिशव्यांवर मोहरीएवढे कोंब फुटले होते, ते पिवळे पडले, चामड्यासारखे कडक झाले आणि गळाले. वहिनी पाण्याचा फवारा घेऊन धावली. कोंबांवर पाणी साचले आणि उरलेल्यांवर तपकिरी डाग पडले. वन्सं “मी सांगितलं होतं” असे म्हणाल्या नाहीत. त्यांनी खिडकी लोटली आणि घागर उचलून माझ्यावर स्वतःच बसल्या. साहेब, माझ्यावर बसलेल्या माणसाचे वजन मला कळते. त्या बाईचे वजन त्या दिवशी दुप्पट होते.

“बंद केली तर गुदमरतात, उघडली तर सुकतात,” वहिनी म्हणाली. “करायचं तरी काय माणसानं?”

वन्संनी सवयीने माझ्या पत्र्यावर दोन बोटे वाजवली. मग थांबल्या. मग पुन्हा वाजवली.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तिकडे व्हरांड्यात एवढं ऊन यायचं, पण हा चालू असला की माझ्या डब्यातली भाकरी कधी कडक व्हायची नाही. वारा यायचा, पण ओला वारा.”

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मित्रांनो, कित्येक वर्षांत माझ्याकडे कुणी स्टूल म्हणून नाही तर कूलर म्हणून बघितले नव्हते.

दादाला हाक गेली. तो गाडीची दुरुस्ती जाणणारा माणूस, पण आधी त्याने मनसोक्त हसून घेतले. “बंद पडलेल्या खोलीला बंद पडलेला डॉक्टर,” तो म्हणाला. मग प्लग लावला. पंखा फिरला. लगेच फिरला, साहेब. दादाने पंप काढून उलटा केला, खालची जाळी उघडली आणि चिमट्याने आतून एक पट्टी ओढून काढली. कापडी पट्टी, बोटाएवढी. नव्या बाळाच्या मनगटाला नाव लिहून बांधतात ती. व्हरांड्यात कुठल्या तरी लहान पोराने ती माझ्या टाकीत टाकली असेल. तिच्यावरचे नाव केव्हाच धुऊन गेले होते.

वन्संनी ती हातात घेतली. “एवढ्यासाठी?” त्या म्हणाल्या. “एवढ्याशा चिंधीसाठी याला उकिरड्यावर घातला?”

दादाने पंप परत बसवून चालू केला. तो गुळगुळू लागला.

पुढचे काम वहिनीने कसे केले ते नीट ऐका. तिने मला आहे तसा खोलीत चालू केला नाही. आधी माझे जुने गवत नाकाशी नेले, तोंड वाकडे केले आणि अंगणात नेऊन जाळले. “ह्याला बुरशीचा वास आहे. हिरवी बुरशी आत शिरली तर पिशव्यांतली आपली पांढरी गेली म्हणून समजा.” टाकी चुन्याच्या पाण्याने घासली, उकळत्या पाण्याने धुतली, मला उन्हात पालथा घातला. नवे गवत बसवले. कारखान्यात मोजा तपासावा तसा तिने माझा एकेक कोपरा बोटाने तपासला. माझ्या पाठीवरचा लाल शब्दही तिने घासून बघितला. तो निघाला नाही. “राहू दे,” ती म्हणाली. “वारा पाठीतून वाचून येत नाही.”

मला खिडकीशी उभे केले आणि तोंड पिशव्यांकडे केले. दोन दिवसांत समोरच्या पिशव्यांवरचे कोंब पुन्हा कडक होऊ लागले आणि त्यांच्यावर तुषार बसू लागले. माझा उत्साह जरा जास्त होता. दादा डोकावून म्हणाला, “फार बडबडतोय तो. शाळेतल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा करा.”

तो थट्टेत बोलला. वहिनीने ते खरेच केले. माझी एक कूस खिडकीला लावली आणि तोंड कोपऱ्यातल्या भिंतीकडे वळवले. आता माझा वारा भिंतीला थडकायचा, तिथे त्याचा जोर मोडायचा आणि मग तो दव पडावे तसा खोलीभर पसरायचा. दाराजवळची कोळ्याची जाळी तेवढी हलायची, पिशव्या हलायच्या नाहीत. मला सारखे चालूही ठेवत नसत. थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. खिडकीला पातळ पडदा लावला, म्हणजे पुस्तक वाचता येईल एवढा उजेड आत यावा. पण नवी हवा आत आली तर जुनी कुठून जाणार? एका सकाळी मी बघितले, वन्संनी दाराखालचे लुगडे स्वतःच्या हाताने काढले, झटकले, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिले. वहिनी तिथेच होती. तिने बघितले नाही असे दाखवले. असे न बघणे फार थोड्या माणसांना जमते.

नवे कोंब आले. या वेळी ते पिवळे पडले नाहीत, लांबलेही नाहीत. देठ आखूड राहिले आणि टोप्या पसरू लागल्या. एकीवर एक, छपरावरच्या कौलांसारख्या, राखी रंगाच्या, कडेला किंचित आत वळलेल्या. वन्संना दोनतीन दिवस खोकला झाला, तेव्हा वहिनीने माझ्या डोक्यावर बोट फिरवून पांढरी भुकटी दाखवली. “धिंगऱ्या कड वर उलटेपर्यंत ठेवल्या की त्यांच्यातून ही उडते. कड आत आहे तोवरच काढायच्या.” वन्संनी कपाटातून वॉर्डातला जुना मास्क काढला आणि नाकावर चढवून पुन्हा कामाला लागल्या. आयुष्यभर बाळे हातात घेतलेले ते हात. धिंगरीचा घोस बुंध्याशी धरून असा अलगद फिरवून काढायचे की पिशवीला कळू नये.

उन्हाळा संपला. दादा शब्दाचा पक्का. तो आचाऱ्याला घेऊन आला. आचारी दारात उभा राहिला आणि आधी त्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

“काय गार आहे हो खोली,” तो म्हणाला. “ड्रायव्हरसाहेब, मी आजच सामान आणतो.”

मित्रांनो, माझा पंखा अडखळल्यासारखा झाला. मी खोली जगवायला धडपडलो आणि माझ्याच गारव्यावर खोली जायची वेळ आली. वहिनीचा चेहरा उतरला. दादाने मान खाजवली. त्याला आता “छत्र्या उघडल्या नाहीत” असेही म्हणता येईना.

मग आचाऱ्याने डोळे उघडले. त्याला भिंतभर टांगलेला बहर दिसला. तो पुढे गेला, एका घोसाखाली तळहात धरला, वास घेतला, कड वाकवून बघितली. बराच वेळ तो माझ्यासारखाच भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“ही तीच?” त्याने विचारले. “ती दोऱ्याची गुंडी?”

“तीच,” वहिनी म्हणाली. “खोली घेतलीत तर ही शेवटची. काय हवं ते ठरवा. खोली की माल?”

वन्सं मास्कमधून म्हणाल्या, “आणि खोली घेतलीत तर कूलर मिळणार नाही. तो माझा आहे. मी त्याच्यासाठी कॉट दिलीय.”

आचाऱ्याने दादाकडे बघितले. दादा छताकडे बघत होता.

“झोपायला काय,” आचारी शेवटी म्हणाला, “डेपोतल्या बाकावरही झोपता येतं. बाकावर हे उगवत नाही. रोज सकाळी पहिल्या गाडीबरोबर पाठवा.”

तो गेल्यावर दादा माझ्यापाशी आला. त्याने माझ्या पत्र्यावर दोन बोटे वाजवली, बहिणीसारखीच, आणि म्हणाला, “डॉक्टर, चालू राहा.”

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगणार आहे हे तुम्ही ओळखलेच असेल. पण नुसते फडके मारणे म्हणजे निगा नव्हे. वहिनी फरशीवर झोपून बघते, ती निगा. वन्सं स्वतःची चूक घडी घालून कपाटात ठेवतात, ती निगा. ज्याला फेकायचे त्याच्याकडे आधी एकदा वाकून बघा. बहुतेक वेळा आत एक चिंधी अडकलेली असते.

आता शेवटचे तुमच्याशी, साहेब. काल वन्सं जुन्या मैत्रिणींना धिंगरी द्यायला दवाखान्यात गेल्या होत्या. परत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मग वहिनीला सांगितले. व्हरांड्यात अजून कूलर नाही. बाळंतिणींची माणसे केसपेपरने वारा घेत बसली होती. आणि धोबीघरामागे माझे भाऊबंद तसेच उभे आहेत, पाठीवर तुमचा लाल शब्द घेऊन. त्यांना कुणी हात लावलेला नाही.

रंग तुमचा, हनुवटी तुमची. त्यातल्या एकालाही प्लग लावून बघितला होतात का? नसेल, तर कधी बघणार आहात? मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे, पण मला सगळीकडून ऐकू येते.

बोला, साहेब.